बांधायला कोटी, चालवायला कवडी

१२ जानेवारी २०२४ रोजी मुंबई महानगर प्रदेशात पंतप्रधानांच्या हस्ते ज्या वाहतूक प्रकल्पांचं लोकार्पण झालं, त्यांतले दोन पाहा. पहिला शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा सागरी पूल, म्हणजे अटल सेतू. त्यावर सुमारे १७,८०० कोटी रुपये खर्च झाले. दुसरा उरणच्या लोकलचा खारकोपर ते उरण हा राहिलेला टप्पा. पूल सगळ्यांच्या लक्षात राहिला, लोकल उरणकरांच्या. ही लोकल १९९०च्या दशकात मंजूर झाली होती. तिचा खारकोपरपर्यंतचा पहिला तुकडा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या तुकड्याला आणखी पाच वर्षं लागली. एवढं होऊन गाडी आली ती सुरुवातीला साधारण तासाभराच्या अंतराने. तिकडे सेतूवरून रोज सत्तर हजार वाहनं जातील असं सांगितलं जात होतं. पहिल्या वर्षाची प्रत्यक्ष सरासरी पंचवीस हजारांच्याही आत राहिली. एका फेरीला २५० रुपयांचा टोल हे त्याचं एक कारण. नवी मुंबईचा विमानतळ पुरता भरात आला की सेतूवरची वाहनं वाढतील, हे समर्थकांचं म्हणणं खोटं नाही. पण एक तफावत उरतेच. सेतू पहिल्या दिवसापासून संपूर्ण क्षमतेने खुला होता आणि त्याच दिवशी सुरू झालेल्या लोहमार्गाची क्षमता मात्र रूळ टाकूनही बहुतेक वेळ रिकामी पडून होती. रूळ होते, स्थानकं होती, गाड्या नव्हत्या.

मुंबईच्या वाहतूककोंडीवरचा राजकीय वाद गेली तीस वर्षं 'काय बांधायचं, कोणी बांधायचं आणि श्रेय कोणाचं' याभोवती फिरतो आहे. विरोधी पक्ष म्हणतो, पैसा आला नाही. सत्ताधारी म्हणतो, आमच्या काळात इतके लाख कोटी आले. दोघंही गुंतवणूक म्हणजे बांधकाम असं धरून चालतात. माझं म्हणणं असं, की या प्रदेशात बांधकामाला पैसा कधी फारसा कमी पडलेला नाही. कमी पडतो तो बांधलेलं चालवायला, म्हणजे गाड्या, चालक, फेऱ्या, देखभाल, पदपथ यांना. आणि कोंडीचा मोठा वाटा या दुसऱ्या तुटीतून आला आहे. ही तूट कुठल्याच जाहीरनाम्यात ठळकपणे येत नाही, कारण तिच्यावर नारळ फोडता येत नाही.

आधी कोंडी कशाची मोजायची ते ठरवावं लागेल. वाहनांची मोजली तर उत्तर रस्ता हेच येणार. माणसांची मोजली तर वेगळं येतं. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ये-जा हा निकष मानला आहे, म्हणजे ही काही चळवळ्या मंडळींची खास मागणी नव्हे. जाड हिशेब करू. रस्त्याची एक मार्गिका तासाला फार तर दोन हजार मोटारी पुढे सोडते. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसं. मुंबईचा किनारी रस्ता पुलाच्या भागात एका दिशेला चार मार्गिकांचा आहे, बोगद्यात तीन. चार धरल्या तरी तासाला बारा हजार माणसं. आता लोकलचा एक रूळ घ्या. दर चार मिनिटांनी बारा डब्यांची एक गाडी, म्हणजे तासाला पंधरा. गर्दीच्या वेळी एका गाडीत चार हजार माणसं सहज असतात. हे झाले साठ हजार. ही गर्दी अमानुष आहे म्हणून ती निम्मी करून टाका, तरी तीस हजार उरतात आणि ते समुद्र भरून केलेल्या चार मार्गिकांच्या अडीचपट आहेत. त्याच चारांपैकी एक मार्गिका फक्त बसला दिली आणि तासाला शंभर बस सोडल्या, तर त्या एकट्या मार्गिकेवरून पाच हजार माणसं जातील. हे गणित वाहतूक नियोजनाच्या पहिल्या वर्षाचं आहे. मंत्रालयात ते कोणाला येत नसेल असं मानायला जागा नाही.

'अमानुष' हा शब्द वाढवून वापरलेला नाही. लोकलच्या ऐन गर्दीसाठी रेल्वेच्या दप्तरात 'सुपर डेन्स क्रश लोड' अशी एक वर्गवारीच आहे. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरात दोन बाय दोन फुटांच्या फरश्या असतील तर जेमतेम पावणेतीन फरश्या मोजा आणि त्यांच्यावर चौदा माणसं उभी करून बघा, छातीशी धरलेल्या सॅक आणि जेवणाच्या डब्यांसकट. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. अशा वेळी चर्चा दरवाजे बंद करण्यावर येऊन थांबते. लोक दारात लटकतात ते हौसेने नव्हे. आत जागा नसते आणि पुढची गाडीही अशीच येणार हे माहीत असतं.

रस्ते वाढवून कोंडी का सुटत नाही, यावर जगभर बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं, की शहरातल्या द्रुतगती मार्गावर गर्दीच्या वेळची वाहतूक त्याची क्षमता भरेपर्यंत वाढत जाते. २०११ मध्ये जाइल्स ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी अमेरिकी महानगरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गांची लांबी जितक्या प्रमाणात वाढली जवळपास तितक्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढलेली आढळली. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, की ते अमेरिकेचं झालं. तिथे घरटी दोन-दोन मोटारी आणि अवाढव्य रस्ते आहेत, आपल्याकडे मुळात रस्तेच कमी, आधी ते तर पुरेसे होऊ द्या. आक्षेप वजनदार आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्या शहरात बहुसंख्य घरांनी अजून मोटार घेतलेलीच नाही, तिथे नवा रस्ता भरून टाकायला वाट बघत असलेली मागणी कितीतरी मोठी असते. मुंबईत पालिकेचे रस्ते सुमारे २,०५० किलोमीटर आहेत आणि शहरात नोंदलेली वाहनं पंचेचाळीस लाखांच्या पुढे गेली आहेत. त्यांतल्या नुसत्या मोटारी बारा लाखांवर. एक मोटार पाच मीटर जागा खाते असं धरून त्या एकामागे एक लावल्या तर रांग सहा हजार किलोमीटरची होईल. शहरातल्या प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही कडा मिळून ४,१०० किलोमीटर. म्हणजे उभ्या करायलाही जागा नाही, धावायची गोष्ट दूरच. 'पुरेसा रस्ता' नावाचा मुक्काम या वाटेवर येतच नाही.

तरीही रस्त्यांचा इतिहास निव्वळ मूर्खपणाचा नाही. १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबईसाठी मुक्तमार्गांचं जाळं सुचवलं, १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नरला पहिला उड्डाणपूल झाला आणि १९९५ नंतर युती सरकारने पंचावन्न उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ निघालं, नितीन गडकरी बांधकाममंत्री होते. सायन, दादर, अंधेरीचे चौक अडून पडलेले असायचे आणि पुलांनी काही वर्षं खरोखर वेळ वाचवला. मालवाहतूक, रुग्णवाहिका, अग्निशमन यांना रस्ता लागतोच, हेही कोणी नाकारत नाही. पण उड्डाणपुलाचा एक गुण त्याच्या रचनेतच आहे, त्याची दखल क्वचित घेतली जाते. बसला थांबे घ्यावे लागतात आणि थांबे पुलाखाली असतात. म्हणजे पूल जितका लांब, तितका बसच्या प्रवाशाला त्याचा उपयोग कमी. पुलाखालचा रस्ता खांबांनी अरुंद केलेला, आणि तिथेच बस, रिक्षा, हातगाडी आणि चालणारा माणूस असे सगळे. महानगर प्रदेशातल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी होतात, असं २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात दिसलं होतं. या निम्म्या लोकांसाठीचा 'प्रकल्प' म्हणजे पदपथ. तो खोदून ठेवलेला नसेल तर नशीब.

मग सत्तेत कोणीही आलं तरी बांधकामच का जिंकतं? कंत्राटदारांचे हितसंबंध हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. खरी गोम सरकारी जमाखर्चाच्या पद्धतीत आहे. पूल हा भांडवली खर्च. त्याला जपानच्या जायका या संस्थेकडून कर्ज मिळतं, केंद्राकडून अनुदान मिळतं, अर्थसंकल्पात तो 'विकास' म्हणून दिसतो आणि दहा वर्षांनी तो रिकामा असला तरी तोट्यात आहे असं कोणी म्हणत नाही. बस हा महसुली खर्च. चालकाचा पगार, टायर, डिझेल नाहीतर वीज रोजच्या रोज लागते आणि तिकिटातून ते वसूल झालं नाही की त्या फरकाला 'तोटा' म्हणतात. घरात शंभर पंखे लावायला कर्ज मिळावं आणि विजेचं बिल भरायला मात्र पैसा नसावा, तसा हा कारभार आहे. पगारासाठी कोणतीही आंतरराष्ट्रीय बँक कर्ज देत नाही, आणि चालवलेल्या फेऱ्यांचं उद्घाटन करायला कोणता मंत्री पहाटे पाचला आगारात येणार?

बेस्ट या महापालिकेच्या उपक्रमाची गत या जमाखर्चातून समजून घेता येते. १९६४ मध्ये ट्राम बंद झाल्यावर मुंबईच्या रस्त्यावरची सार्वजनिक वाहतूक म्हणजे बेस्टची बस. तिचा तोटा बेस्टच्याच वीजविभागाच्या नफ्यातून भरून निघत असे. त्यामुळे तो राजकारणाच्या पटावर फारसा येत नव्हता. ती व्यवस्था मोडली आणि बस उघडी पडली. २०१०च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या घरात गाड्या होत्या आणि रोज चाळीस लाखांवर लोक त्यांतून जात. आज भाड्याच्या धरूनही गाड्या तीन हजारांच्या आत आल्या आहेत. स्वतःच्या मालकीच्या तर हजाराच्याही खाली. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवायचं ठरलं होतं. तसं झालं नाही. जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या, नव्या स्वतः घेण्याऐवजी कंत्राटदाराच्या गाड्या आणि कंत्राटदाराचाच चालक असा मार्ग धरला गेला. काही कंत्राटदार परवडत नाही म्हणून मध्येच सोडून गेले आणि गाड्या एका रात्रीत कमी झाल्या. ९ डिसेंबर २०२४ च्या कुर्ल्याच्या भीषण बस-अपघातानंतर भाडेतत्त्वावरच्या चालकांच्या प्रशिक्षणाचाही प्रश्न चव्हाट्यावर आला.

गाड्या कमी झाल्या की रस्त्यावर नेमकं काय होतं, ते पायरीपायरीने पाहण्यासारखं आहे. दर दहा मिनिटांनी येणारी बस पंचवीस-तीस मिनिटांनी यायला लागते. थांब्यावरच्या माणसाला वेळापत्रक पाठ नसतं. त्याला फक्त वाट पाहणं कळतं. तो शेअर रिक्षाच्या रांगेत जातो. रिक्षा वाढतात आणि स्थानकाबाहेरचा रस्ता त्यांच्या तिहेरी रांगेने अडतो. त्या अडथळ्यात उरलेली बस आणखी उशिरा येते. वर्षभर हे सोसल्यावर ज्याला झेपतं तो दुचाकीचा हप्ता सुरू करतो. आता स्थानकाबाहेर दुचाकी लावायला जागा हवी, म्हणून पदपथ जातो. या साखळीतली कोणतीही कडी रस्त्याच्या कमतरतेतून आलेली नाही. पण शेवटी पालिकेच्या सभेत मागणी होते ती स्थानकाबाहेर उड्डाणपूल बांधण्याची. उलट दिशेचा पुरावाही मुंबईतच आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टचं किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं, तेव्हा काही महिन्यांत प्रवासी झपाट्याने वाढले. लोक बसला विटले आहेत, प्रत्येकाला स्वतःची गाडीच हवी आहे, हा सिद्धान्त तेव्हा टिकला नाही.

दरांच्या बाबतीत पुढचा प्रसंग तर पक्षांच्या पलीकडे जाऊन पाहण्याजोगा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारी आणि इतर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मोटारीला तो एका वेळचा ४५ रुपये होता. त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं झाली होती, त्यामुळे सगळ्यांनीच निर्णयाचं स्वागत केलं आणि श्रेयासाठी चढाओढ लागली. टोलवसुलीतली अपारदर्शकता हा खरा राग होता आणि तो रास्त होता. सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टचं किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं. वातानुकूलित गाडीचं बारा. विरोध झाला, पण निवडणूक फिरवणारा नाही. जगाची रीत नेमकी उलटी आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये, स्टॉकहोमने मतदारांचा कौल घेऊन २००७ मध्ये आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कने शहराच्या गर्दीच्या भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवलं. लंडनने तर त्याचा पैसा वाहतूक सुधारणांना आणि न्यूयॉर्कने सार्वजनिक वाहतुकीलाच बांधून दिला. मुंबईकडे खाड्यांमुळे नैसर्गिक प्रवेशद्वारं आहेत, नाके उभारलेले होते, लोकांना पैसे द्यायची सवय होती. फक्त तो पैसा बसकडे वळवायचा होता. आपण मोटारींचा टोलच उठवला.

इथे हटकून एक प्रश्न येतो: तोट्यातली संस्था करदात्यांनी का पोसायची? बेस्टच्या कारभारात दोष नाहीत असं कोणीच म्हणणार नाही. मार्गांची फेररचना रखडते, प्रशासन जड आहे, कंत्राटांच्या अटी सैल राहिल्या. पण 'पोसणं' हा शब्द सगळीकडे सारखा लावून बघू. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात बेस्टला १,००० कोटी. दुसरीकडे याच महापालिकेने १०.५८ किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर सुमारे १४,००० कोटी घातले, आणि तो रस्ता टोलमुक्त आहे. हिशेबापुरतं बोलायचं तर १४,००० कोटींवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज ९८० कोटी होतं. म्हणजे मोटारचालकांना दिलेली, अर्थसंकल्पात कुठेही अनुदान म्हणून न दिसणारी ही सवलत आणि बेस्टला रडतखडत दिलेली मदत जवळपास सारख्याच रकमेच्या आहेत. लाभार्थ्यांची संख्या मात्र सारखी नाही. किनारी रस्त्याची किनारा नियमन (सीआरझेड) परवानगी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, मार्च २०२४ मध्ये पहिली बाजू खुली झाली. त्या गदारोळात मच्छीमार, प्रवाळ, भराव या सगळ्यांवर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. या रस्त्यावरून तासाला किती बस जाणार, हा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

मेट्रो येते आहे ना, हा आणखी एक आक्षेप, आणि तो सर्वांत सबळ. महानगर प्रदेशासाठी ३३७ किलोमीटरचं जाळं आखलेलं आहे. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची पहिली मार्गिका सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम प्रवासाचा तिने कायापालट केला. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. हा बदल मोठा आहे. मेट्रो म्हणजे बांधकामच, पण माणसं वाहणारं. तिला उड्डाणपुलाच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल. तरी राजकारणाने तिच्याशीही तोच खेळ केला. २०१९ मध्ये आरेतली झाडं रातोरात तोडली गेली, सत्ता बदलल्यावर कारशेड कांजूरमार्गला हलवली, तिथे उच्च न्यायालयाची स्थगिती आली, २०२२ मध्ये पुन्हा सत्ता बदलली आणि कारशेड आरेत परतली. २३,१३६ कोटींचा प्रकल्प आधी ३३,४०५ आणि मग ३७,००० कोटींच्या पुढे गेला. सगळी वाढ या वादामुळे झाली असं नाही. पण गाडी रात्री कुठे उभी राहणार यावर तीन वर्षं भांडणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नाही, की प्रवासी स्थानकातून वर आल्यावर पुढे कशाने जाणार. सत्तर रुपयांपर्यंतचं तिकीट काढून वर आलेल्याला तिथे बस नसेल, चालायला पदपथ नसेल, तर भुयारातली मेट्रो कितीही सुरेख असो, रस्त्यावरची त्याची रिक्षा काही कमी होत नाही.

नुसतं बांधून ठेवण्याचा शेवट काय होतो, हे पाहायला मोनोरेल आहेच. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा आणि २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत अशी जवळपास वीस किलोमीटरची ही मार्गिका. गाड्या मोजक्या, सुटे भाग मिळेनात, दोन फेऱ्यांत मोठं अंतर; मग प्रवासी कुठून येणार? १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात लोकल ठप्प झाल्यावर लोकांनी मोनोरेलकडे धाव घेतली आणि भार न सोसून गाडी खांबांवर अधांतरी अडकली. शेकडो प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवलं. महिन्याभराने सेवा सुधारणांसाठी बंद झाली. त्या दिवशी गर्दी वाढली हे अपयशाचं कारण म्हणून सांगितलं गेलं. सार्वजनिक वाहतुकीला प्रवासी आले, ही तक्रार होऊ शकते हेही मुंबईने पाहिलं.

लोकलबद्दल राज्यातले नेते हात वर करतात: रेल्वे दिल्लीची. ते अर्धंच खरं आहे. मुंबई रेल विकास महामंडळ १९९९ पासून आहे आणि त्यात केंद्राचा ५१ आणि राज्याचा ४९ टक्के वाटा आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका त्याच्याच कार्यक्रमात होती. ती पूर्ण व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं, मंजुरीनंतर दशक उलटून गेलं. जमीन, पुनर्वसन, खारफुटीची परवानगी यांत ती अडली होती आणि यातलं बरंचसं राज्याच्या अखत्यारीतलं. समुद्रावरच्या पुलासाठी याच परवानग्या ज्या तडफेने आणल्या जातात ती कळवा-मुंब्र्याच्या रुळांसाठी दिसली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला प्रवाशांनी वातानुकूलित लोकलविरुद्ध आंदोलन केलं, त्याचा अर्थही नीट लावायला हवा. त्यांचा गारव्याला विरोध नव्हता. ऐन वेळची साधी गाडी काढून तिच्या जागी महागडी गाडी घातल्याने उरलेल्या साध्या गाड्यांत चेंगराचेंगरी वाढली होती. फेऱ्या वाढवून वातानुकूलित गाडी दिली असती तर तिला हार घातले असते.

आधी बांधायचं आणि वाहतूक नंतर बघायची, हा हट्ट जुना आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवून मुंबईचा उत्तर-दक्षिण ताण हलका करायची कल्पना मांडली. १९७० मध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. पण वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये. बावीस वर्षं नवं शहर रेल्वेवाचून होतं आणि त्याच काळात सरकारने नरिमन पॉइंटला समुद्र भरून कार्यालयांचे मनोरे उठवू दिले. म्हणजे नोकऱ्या दक्षिणेला, परवडणारी घरं विरार-बदलापूर-पनवेलला आणि मधली वाहतूक नंतर बघू. आजही कोंडीची मुळं इथेच आहेत, आणि उरणची लोकल त्याच घराण्याची.

यात पक्षांपेक्षा यंत्रणांचा गुंता अधिक आडवा येतो. महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), रस्ते विकास महामंडळ, सिडको, दोन रेल्वे, मेट्रोच्या वेगवेगळ्या कंपन्या आणि बेस्टखेरीज ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरारचे आपापले बस उपक्रम. या सगळ्यांवर एक एकीकृत वाहतूक प्राधिकरण हवं म्हणून २००८ मध्ये ते शासननिर्णयाने नेमलंही गेलं. पण कायद्याचं बळ आणि स्वतःची तिजोरी नसल्याने ते बैठकीपुरतं राहिलं. त्याला हवा होता एकच अधिकार: कोणत्याही नव्या रस्त्याला किंवा पुलाला मंजुरी देताना त्यावरून गर्दीच्या तासात किती माणसं जातील आणि पुढची दहा वर्षं तिथल्या बसचा खर्च कोण उचलणार, हे लेखी घेणं. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकलसाठी केलेल्या मार्गिका काढून ती जागा मोटारींना द्यायचा निर्णय झाला, तेव्हा हा प्रश्न विचारला असता तर उत्तर बिनतोड निघालं असतं: त्याच रुंदीत बसची मार्गिका.

सध्या बेस्टच्या प्रश्नावर सर्वांना पटेल असा एक उपाय पुढे केला जातो, आगारांच्या जमिनींचा विकास. शहरभर दोन डझनांवर आगारं आहेत, त्यांच्या जागा सोन्याच्या भावाच्या आहेत, वर मनोरे उभे करावेत, पैसा यावा, तोटा भरावा. याआधीही काही आगारांच्या जागा विकासकांना दिल्या गेल्या आणि बेस्टची दुखणी काही त्याने गेली नाहीत. आताही यातून येणारा पैसा एकदाच येणार आहे आणि तूट दरवर्षीची आहे. शिवाय विजेच्या बसला रात्री चार्जिंगसाठी डिझेलच्या बसपेक्षा अधिक जागा आणि अधिक वेळ लागतो. पुढचं एखादं सरकार खरोखर पाच-सहा हजार बस घ्यायला निघालं तर कंपन्या त्या बनवून देतील, केंद्राची योजना पैसाही देईल. त्या रात्री उभ्या कुठे करायच्या हे मात्र देवनार, मागाठाणे, वडाळ्याच्या आगारांचे सातबारे तेव्हा कोणाच्या नावावर असतील त्यावर ठरेल.